मेंढरांकडे बघायचं नाही

कलकत्त्यात आम्ही मराठी माणसं एकमेकांना भेटलो की पहिला प्रश्न गावाचा असायचा आणि दुसरा खात्याचा. कुणी बँकेत, कुणी आयकरात, कुणी रेल्वेत. माझी पाळी आली की मी सांगायचो, "मी जहाजातून उतरलेल्या जनावरांच्या जिभा बघतो." ऐकणारा हसायचा आणि थोड्या वेळानं हळूच विचारायचा, "ते ठीक, पण ऑफिसात काय करता?"

ऑफिसातही तेच करायचो. खिदिरपूरच्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर, उंच भिंतीच्या आत आमचा कारभार होता. विटांचं मोठं अंगण, पत्र्याच्या शेड, चाऱ्याचं गोदाम, एक ऑफिस आणि मागच्या अंगाला माझी दोन खोल्यांची क्वार्टर. परदेशातून आलेल्या जनावरानं सोबत कुठला रोग आणलाय का हे कळेपर्यंत त्याला आत ठेवायचं. रोज ताप मोजायचा, जीभ, खूर आणि शेण बघायचं, मुदत संपली की कागद देऊन सोडायचं. क्वारंटीन हा शब्द हल्ली शेंबड्या पोरालाही ठाऊक झालाय. तेव्हा मला तो प्रत्येक लग्नात नव्यानं समजावून सांगावा लागायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शर्यतीचे घोडे यायचे, त्यांच्यासोबतचा माणूस घोड्याला हात लावण्याआधी मला हात धुवायला लावायचा. सर्कशीचा एक झेब्रा सगळी मुदत साधूसारखा उभा राहिला आणि सुटकेचा कागद माझ्या हातात असताना मांडीला कडकडून चावला. एका मेमसाहेबांचा पोपट आमच्या रामसूरतच्या आवाजात खोकायला शिकला. रामसूरत हा आमचा वयस्क राखणदार, बिहारकडचा. मी त्याला उगाच तीन दिवस खोकल्याचं औषध पाजलं, आणि तोही बिचारा साहेबाची आज्ञा म्हणून पीत राहिला. अशा फजित्या सांगायला मला आवडतात. पण मेगच्या बाबतीत जे झालं ते फजिती या सदरात बसत नाही. ती चूक होती, आणि त्या अख्ख्या बंदरात ती फक्त मीच करू शकलो असतो.

कारण मी धनगर. माण तालुक्यातला. माझ्या वडिलांची दीडशे मेंढरं होती आणि दिवाळीनंतर आम्ही ती घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचो. शाळामास्तरांनी मला वडिलांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं म्हणून मी शिकलो, पशुधन निरीक्षक झालो आणि सरकारी बदलीनं कलकत्त्याला येऊन पडलो. इथं सगळं परकं होतं, पण मेंढरू समोर आलं की माझी छाती फुगायची. आमचे वरिष्ठ डॉक्टर भादुडी मोठे विद्वान. मराठी ऐकून ऐकून त्यांना थोडं कळायचं, बोलायचे हिंदीतून. मेंढराचा काही प्रश्न निघाला की ते चष्मा काढून म्हणायचे, "कोळेकर, ये आपके घर की बात है. आप देखिए." आणि मी बघायचो. मेंढरातलं मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा होता.

एकोणसत्तरच्या हिवाळ्याच्या तोंडावर दक्षिण गोलार्धातल्या एका देशाच्या जहाजातून लोकरीच्या जातीची मेंढरं आली. उत्तरेकडच्या पहाडात सरकारचं पैदास केंद्र होतं, त्यासाठी. क्रेननं एकेक पिंजरा खाली उतरत होता. शेवटचा पिंजरा लहान निघाला. त्यात मेंढरू नव्हतं, एक काळी-पांढरी कुत्री होती. कोल्ह्याहून थोडी मोठी, एक कान उभा, एक मधेच मोडलेला. तिच्यासोबतचा मेंढपाळ वाटेतच काविळीनं आडवा झाला होता. त्याला बंदरातून थेट इस्पितळात नेलं आणि तिथून विमानानं परत घरी. जाताना त्याच्यात बोलायचं त्राणही नव्हतं. पिंजऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: मेग, बॉर्डर कॉली, वय तीन.

मेंढरांचे कागद होते. मेगचेही होते, पण अर्धेच. भादुडींनी केंद्राच्या अधीक्षकांना विचारलं तर त्यांचं उत्तर आलं की कुत्री मेंढरांच्या कामाची असेल तर तसा दाखला देऊन पाठवा, नसेल तर नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा. भादुडींनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कागद अपुरे असलेलं परदेशी कुत्रं शहरात कुणाला द्यायला बंदी होती. विल्हेवाट म्हणजे एक सुई. ती द्यायचं काम माझ्याकडेच होतं.

"दाखला कोण देणार?" मी विचारलं.

"आप," भादुडी म्हणाले. "आपसे अच्छा कौन जानेगा?"

मला तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, कुत्री वाचलीच. हिला मेंढराचं कुत्रं करून दाखवणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ.

इथं थोडं धनगराच्या कुत्र्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कळप हाकायचं काम कुत्र्याचं नसतंच. माणूस पुढं चालतो, तोंडानं आवाज करतो आणि मेंढरं त्याच्या मागं येतात. कुत्रं असतं राखणीला. लांडगा आला, चोर आला तर त्याच्यावर तुटून पडायला. म्हणून पिलू अगदी लहान असल्यापासून कोकरांत वाढवायचं. त्यानं मेंढरांत आळसावून पडलं पाहिजे, मेंढरांकडे पाठ करून बाहेर बघितलं पाहिजे. आणि एक गोष्ट माझ्या वडिलांनी मला चालायला शिकवण्याआधी शिकवली असेल: जे पिलू मान खाली घालून, दबा धरून मेंढराकडे टक लावून बघतं, ते आज ना उद्या मेंढरू मारणार. त्याला पहिल्याच दिवशी फटका द्यायचा. तरी सुधारलं नाही तर तळावर ठेवायचं नाही.

मेगला मी पहिल्यांदा मेंढरांच्या शेडपुढे सोडलं. तिनं काय करावं? मान जमिनीच्या रेषेत आणली, पोट टेकवलं न टेकवलं असं केलं, एक पंजा उचलून तसाच अधांतरी धरला आणि मेंढरांवर जी नजर लावली ती हलेना. पापणीही नाही. शेडमधली सगळी मेंढरं चारा खायची थांबली. माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी मी एकदाच लांडगा जवळून पाहिला होता, तोही असाच.

तेव्हापासून आमची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी मी तिला साखळीनं शेडच्या खांबाला बांधायचो आणि ओलं पोतं गुंडाळून हातात घेऊन शेजारी बसायचो. ती मेंढरांकडे बघायला लागली की नाकावर एक टोला. "नको." पुन्हा बघितलं, पुन्हा टोला. रामसूरत मोरचुदाचं पाणी कालवत असायचा. मेंढरांची खुरं सडू नयेत म्हणून त्यांना रोज त्या निळ्या पाण्याच्या उथळ हौदातून चालवावं लागतं. तो एकदा हात थांबवून म्हणाला, "बाबू, ये मारने के लिए नहीं देखती. इसकी आँख दूसरी है."

"रामसूरत, तुम पानी देखो," मी म्हणालो. त्यानं पाणी बघितलं.

घरी मात्र ती आमचीच झाली होती. पिंजऱ्यात ठेवली की ती सारी रात्र ओरडायची, म्हणून मी तिला क्वार्टरच्या मागच्या अंगणात ठेवलं. क्वार्टर भिंतीच्या आतच असल्यानं नियमही मोडला नाही, असं मी भादुडींना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. माझी बायको सुमन तेव्हा कलकत्त्याला नवीनच आली होती. आजूबाजूला कुणाशी बोलावं तर भाषा येईना, त्यामुळे ती दिवसभर मेगशी बोलायची. या जातीचं कुत्रं घरात ठेवणं म्हणजे काय हे तिच्याकडून ऐकावं. मेग कधी बसायचीच नाही. हापशाभोवती फेऱ्या, तुळशीभोवती फेऱ्या, सुमन झाडत असेल तर सुमनभोवती फेऱ्या. मी तिला संध्याकाळी अंगणातून इतकं पळवायचो की माझे पाय गळ्यात यायचे आणि ती मात्र आत्ताच उठल्यासारखी बघायची. धुण्याची दोरी वाऱ्यानं हलली की तिच्या सावलीवर पहारा. सुमननं वाळत घातलेल्या कुरडया तिनं एकदा नाकानं सरकवून सरकवून चटईच्या मधोमध गोळा करून ठेवल्या होत्या. एकही तोंडात घेतली नव्हती. आम्ही खूप हसलो. हसण्याऐवजी विचार केला असता तर पुढचं टळलं असतं.

तीन आठवड्यांत माझी शिकवणी फळाला आली. मेंढरं समोरून गेली तरी मेग तोंड भिंतीकडे वळवायला लागली. मी भादुडींना बोलावून कौतुकानं दाखवलं. ते म्हणाले, "वाह," पण जरा वेळानं म्हणाले, "किन्तु कोळेकर, ये खाती क्यों नहीं?"

ती खात नव्हती हे खरं. हापशाभोवतीच्या फेऱ्या आता एकाच दिशेनं आणि तासन्‌तास चालायच्या, जमिनीवर तिची पायवाट उमटली होती. मग तिनं स्वतःची शेपटी चावायला घेतली. आठवड्याभरात शेपटीचं टोक उघडं पडलं. मी जंताचं औषध दिलं. खरूज असेल म्हणून गंधक लावलं. कॉडलिव्हर ऑईल पाजलं. माझ्या कपाटात होतं नव्हतं ते सगळं तिच्या पोटात किंवा अंगावर गेलं. दरम्यान बहुतेक मेंढरं मुदत संपून पहाडात रवाना झाली. खुरं सडलेली साठेक मागं राहिली. ती न्यायला खुद्द अधीक्षक ढिल्लों साहेब माघाच्या शेवटी येणार होते आणि त्याच वेळी कुत्रीचा निकाल लागणार होता. मी दाखल्याचा कागद समोर घेऊन बसलो आणि मनात लिहून टाकलं की जनावर आजारी आहे, मेंढरांच्या कामाचं नाही. सुमनला मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली.

त्याच आठवड्यात तिचं हळदीकुंकू होतं. कलकत्त्यातलं पहिलंच, म्हणून तिनं मराठी मंडळातल्या ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. पंधराएक जणी आल्या. मी अर्थातच ऑफिसात. संध्याकाळी घरी गेलो तर सुमन उंबऱ्यातच उभी होती.

"अहो, आज मेगनं काय केलं ते सांगू?"

"चावली कुणाला?"

"आधी ऐका तरी."

तिनं जे सांगितलं ते असं. बायका आल्या त्या पांगूनच बसल्या. चौघी-पाचजणी खोलीत, काही ओट्यावर, दोघी हापशापाशी, आणि नलूताई तुळशीजवळ एकट्या उभ्या. नलूताईंची तिसरी पिढी कलकत्त्यात, बागबाजारला घर, मराठीला बंगालीची फोडणी. मेग आत-बाहेर मोकळी फिरत होती. कुणाला काही कळलं नाही. कुणाच्या मागून ती जरा सरकली, कुणाच्या पुढ्यात येऊन बसली, एकीला वाटलं पदर वाचवावा म्हणून ती बाजूला झाली. पाव तासानं बघावं तर पंधराच्या पंधरा बायका पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात, खांद्याला खांदा लावून, हातात तिळगूळ घेऊन उभ्या. आपण इथं कशा आलो हे एकीलाही सांगता येईना. नलूताई म्हणाल्या, "ओ मा, आम्ही सगळ्या एकाच जागी कशाला उभ्या आहोत गो?" आणि समोर मेग जमिनीवर हनुवटी टेकवून पडलेली.

"आणि मग तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या," सुमन म्हणाली. "दूध घालून. वाटी चाटून पुसून."

मी म्हणालो, "टक लावून बघत होती ना? तेच ते. लांडग्याची खोड."

सुमनचे आजोबाही मेंढरंवाले, पण ती माझ्यासारखी तोरा मिरवत नसे. ती म्हणाली, "तुम्ही लांडगा पाहिलाय. लांडगा काय करतो? एक मेंढरू वेगळं काढतो. कळप पांगवतो आणि एक वेगळं काढतो. ही एकीलाही वेगळं राहू देत नव्हती. आणि सगळ्या गोळा झाल्या की बसली. तिला मारायचं असतं तर ती बसली कशाला असती?"

मी पायातले बूट न काढता तसाच ओट्यावर बसून राहिलो. सगळं आयुष्य मेंढरांत गेलेल्या माणसाला जे दिसायला हवं होतं ते हळदीकुंकवाच्या ताटाशी उभ्या असलेल्या बाईला दिसलं होतं. ज्या नजरेसाठी मी तिला तीन आठवडे मारलं, तीच तिची विद्या होती. मेग जिथून आली त्या देशात माणूस कळपाच्या पुढं चालत नाही. कुत्रं मागून जातं आणि नुसत्या नजरेनं मेंढरं रेटतं, दात न लावता. हे नंतर मी भादुडींकडच्या एका जाडजूड ग्रंथात वाचलंही. तो ग्रंथ इतके दिवस ऑफिसात माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी मेगला साखळीशिवाय मेंढरांच्या अंगणात नेलं. "बघ," म्हटलं. "बघ गं." तिनं मेंढरांकडे न बघता भिंतीकडे तोंड केलं आणि ती थरथरायला लागली. मी हातातलं सगळं टाकून दिलं, लांब गेलो, चाऱ्याच्या गोदामात लपलो, फटीतून डोळा लावला. सुमन तिच्यासोबत उभी राहिली. मेगनं मेंढरांकडे एकदा बघितलं, मग नाक उंच करून हवा हुंगली, आणि गोदामाकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसली. मी तिथं आहे हे तिला कळत होतं. मी असेपर्यंत ती बघणार नव्हती. इतकं चांगलं मी आयुष्यात दुसरं काही शिकवलेलं नाही.

सुमन माझ्यापाशी आली. "तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली.

"बाहेर म्हणजे?"

"भिंतीच्या बाहेर. समोर चहावाला आहे, तिथं बसा. मी बोलवेपर्यंत येऊ नका."

तर अशा रीतीनं सरकारनं मेंढरांच्या देखरेखीसाठी नेमलेला निरीक्षक रोज दुपारी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसायला लागला. बाकावर बसून लाकडाच्या फळीवर मांडलेली मातीची भांडी मोजायची आणि भिंतीपलीकडचं कानानं टिपायचं. रामसूरत अधूनमधून येऊन बातमी द्यायचा. "आज आँख उठायी." "आज दो कदम चली." एके दिवशी तो नुसताच येऊन बाकावर बसला, त्यानं माझ्या भांड्यातला चहा पिऊन टाकला आणि म्हणाला, "बाबू, बहूजी जहाँ खड़ी होती हैं, मेंढा वहीं आ जाता है." मला रडू आलं. टपरीवाल्यानं विचारलं घरी सगळं ठीक आहे ना, मी म्हटलं ठीक आहे.

हीच तिची रीत होती. हुकूम लागतच नव्हते. माणूस जिथं उभा असेल तिथं ती कळप आणून पोचवायची. माणूस उजवीकडे सरकला की ती पलीकडून डावीकडे. सुमननं फक्त थांबायला "बस" हा शब्द शिकवला. शेपटीचं टोक भरून यायला लागलं. हापशाभोवतीची पायवाट तशीच राहिली, पण तिच्यावर चालणारं कुणी उरलं नाही. मी घरी आलो की मेग उठून माझे पाय हुंगायची, शेपूटही हलवायची. माझ्यावर तिचा राग नव्हता. फक्त मी समोर असलो की मेंढरं या जगात नाहीत असं ती धरून चालायची.

ढिल्लों साहेब आले. धिप्पाड, पांढरी दाढी, आवाज खणखणीत. त्यांनी मेगभोवती एक फेरी मारली आणि भादुडींना म्हणाले, "ये चुहिया मेरे डेढ़ हज़ार भेड़ सँभालेगी?" मग त्यांनी परीक्षा ठरवली. साठ मेंढरं शेडमधून बाहेर काढायची, निळ्या पाण्याच्या हौदातून न्यायची आणि फळीवरून लॉरीत चढवायची. माणसांनी हात लावायचा नाही. आमची चार माणसं हेच काम दीड तास करायची आणि शेवटी निम्मी माणसंच हौदात पडायची.

"सर्टिफिकेट कौन देगा?" ढिल्लोंनी विचारलं.

"मैं," मी म्हणालो. "लेकिन मैं बाहर रहूँगा."

भादुडींनी त्यांना बाजूला नेऊन काय समजावलं मला माहीत नाही. मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा सुमन पदर खोचून अंगणाच्या मधोमध उभी होती. ती एवढीशी दिसत होती आणि तिच्या मागं तीन सरकारी पुरुष भिंतीला पाठ लावून.

बाकावर बसलो. समोर उंच भिंत, तिच्यावर कुणीतरी रंगवलेली क्रांतीची घोषणा. ट्राम गेली. ती गेल्यावर शेडचं दार सरकल्याचा आवाज आला.

मेंढरांच्या चालीचा आवाज धनगराला वाचता येतो. घाबरून पळणारा कळप वेगळा वाजतो, फुटलेला वेगळा, आणि एकजुटीनं चालणारा वेगळा. विटांवर खुरं वाजायला लागली. आधी विस्कळीत, मग हळूहळू एक. चालताहेत. पळत नाहीत. नंतर पाण्याचा आवाज सुरू झाला, चुबूक चुबूक, एकामागून एक. मी मनात मोजत होतो. वीस झाली असतील, पंचवीस.

तेवढ्यात रस्त्यावरून गोदीकडे जाणाऱ्या लॉरीनं भिंतीला लागूनच कर्कश भोंगा वाजवला.

आत कळप फुटला. मला स्वच्छ ऐकू आलं. अर्धी खुरं डावीकडे, फाटकाच्या दिशेनं, अर्धी मागं शेडकडे. कुणीतरी पुरुष ओरडला. मी उठून उभा राहिलो. दहा पावलांवर फाटक होतं. माझ्या घशात माझ्या बापाचा आवाज आला होता, कळपाला बोलवायचा. तो सोडला असता तर मेंढरं कदाचित वळली असती आणि मेग भिंतीशी जाऊन बसली असती. मी दोन्ही हातांनी बाक धरला आणि पुन्हा खाली बसलो. इतकं अवघड काम मी नोकरीत दुसरं केलं नाही.

आतून सुमनचा आवाज नाही, मेगचा तर नाहीच. ती भुंकत नसे. थोडा वेळ नुसती खुरं, दोन दिशांना. मग डावीकडची मंदावली. थांबली. वळली. शेडकडची त्यांना येऊन मिळाली. पुन्हा एक चाल. पुन्हा पाणी. आणि मग एक नवा आवाज सुरू झाला, लाकडावरचा, लॉरीच्या फळीवरचा, ठक ठक ठक, शेवटपर्यंत. त्यानंतर सुमन एकदाच म्हणाली, "बस."

फाटक उघडून ढिल्लों साहेब बाहेर आले. म्हणाले, "इंस्पेक्टर, तुम्हारी बीवी को नौकरी चाहिए?" मग माझ्या शेजारी बाकावर बसून त्यांनी चहा मागवला. दाखल्यावर 'मी प्रत्यक्ष पाहून' असा छापील मजकूर होता. मी त्याखाली सही केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ती माझी एकमेव खोटी सही, आणि तिच्याइतकी खात्रीची सही मी दुसरी केलेली नाही.

मेग त्या मेंढरांसोबतच गेली. रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणीला सील करायच्या आधी कागद तपासायला मला जावंच लागलं. सुमन तिला कुरवाळत होती आणि मेगची नजर मेंढरांवर होती. मी दिसलो. तिनं शेपूट हलवली आणि तोंड वाघिणीच्या फळ्यांकडे वळवून बसली. मी कागद पटापट उरकले. ती पहाडात जाऊन काम करील की माझ्या वासाच्या कुठल्याही माणसासमोर अशीच तोंड फिरवील, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी जिवंत ठेवली ती मेग की तिचं नुसतं शरीर, असा प्रश्न मला नंतर पुष्कळ दिवस पडत असे.

साडेतीन वर्षांनी मेंढरांची दुसरी खेप पोचवायला मला त्या केंद्रावर जायला मिळालं. ढिल्लों साहेब निवृत्त झाले होते. एका पहाडी मेंढपाळाला मी मेगबद्दल विचारलं. तो म्हणाला वरच्या कुरणात आहे, चला दाखवतो. मी म्हणालो, मी एकटाच जाईन, फक्त वारा कुठून वाहतो ते सांग. त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं आणि समोरच्या टेकाडाकडे बोट दाखवलं.

टेकाडावर चढून मी गवतात पालथा पडलो. खाली उतारभर मेंढरं पांगलेली, सांडलेल्या पिठासारखी. उताराच्या पायथ्याशी उभ्या मेंढपाळानं शीळ घातली आणि काळा-पांढरा एक ठिपका सुटला. दूरवर वळसा घेऊन ती कळपाच्या पलीकडे गेली, थांबली, मान खाली घातली, एक पंजा उचलला आणि बघितलं. शेकडो मेंढरं एकत्र यायला लागली. ती नजर मी पहिल्यांदा सगळीच्या सगळी पाहत होतो. माझ्या हातात ओलं पोतं नसताना ती किती शांत दिसत होती ते मला सांगता येणार नाही. मी केलं होतं ते आठवून मला लाज वाटली आणि त्याच वेळी मी इतका खूश होतो की हसायला येत होतं.

मग वारा फिरला. पहाडात तो असाच फिरतो, सांगून नाही. माझ्या मानेवरून गार झोत खाली गेला आणि खाली मेग थबकली. तिनं डोकं उचललं. नाक माझ्या टेकाडाकडे केलं. मी तोंड गवतात खुपसलं, पण त्याचा उपयोग नव्हता. ती बराच वेळ तशी उभी राहिली. कळप सैल व्हायला लागला, कडेची दोन मेंढरं वेगळी झाली.

मेंढपाळानं पुन्हा शीळ घातली नाही. त्याची गरज पडली नाही. मेगनं मान खाली केली, त्या दोन मेंढरांच्या मागं गेली आणि त्यांना वळवून आणलं. वारा अजून माझ्याकडूनच तिच्याकडे वाहत होता, आणि ती मेंढरांकडे बघत होती.